बनगेबाईंचं पावणं

बनगेबाईंना दिसत नाही, हे आम्हाला मुद्दाम लक्षात ठेवावं लागायचं. मी त्या अंधशाळेत चौदा वर्षं क्लार्क होतो, आणि तेवढ्या वर्षांत कितीतरी वेळा मी कागद त्यांच्यापुढं धरून म्हटलं असेल, "बाई, जरा नजर टाका." बाई कागद हातात घ्यायच्या, उलटसुलट करायच्या आणि परत द्यायच्या. "मजकूर ठीक हाय. हेडसरांची सही तेवढी ऱ्हायली." मी बघायचो, तर सही खरंच राहिलेली असायची. यात जादू काही नव्हती. आमचे हेडसर सही करायला नेहमीच विसरायचे.

बाई हातकणंगल्याहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, घट्ट वेणी, खांद्याला कापडी पिशवी, आणि आवाज असा की प्रार्थनेला माईक लावायची गरज पडू नये. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या. वर्गात शिकवताना भाषा एकदम पुस्तकी व्हायची, आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की पुन्हा 'हाय' आणि 'न्हाय'.

ब्रेल वाचायला त्यांच्यासारखं कुणी शिकवलं नसेल. मुलं आंधळी असली तरी मुलंच. ती अंदाजानं वाचतात. 'गाय गवत' म्हटलं की पुढं 'खाते' हे बोट तिथं पोचायच्या आधीच तोंडातून बाहेर. बाईंना याचा फार राग. म्हणून त्या धड्यांत मधेच खोट्या ओळी घालायच्या. 'आईने चुलीवर विहीर भाजली.' 'मामा बैलगाडी पिऊन गावाला गेले.' जी मुलगी अंदाजानं 'भाकरी भाजली' वाचायची ती सापडायची. बाई तिचं बोट धरून मागं आणायच्या. "अंदाज न्हाय करायचा. टिंबावर बोट ठेव आणि तिथं काय हाय ते सांग." सगळा वर्ग हसायचा, सापडलेली मुलगीही हसायची, आणि पुन्हा सहसा सापडायची नाही.

त्यांच्या वडिलांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात शिकण्याला देवाच्या जागी बसवलेलं. वडील ऊसतोडीला जायचे. पोरगी जन्मापासून आंधळी, म्हणून शेजारपाजारचे म्हणायचे, हिला शिकवून काय करणार? वडिलांचं उत्तर बाई आम्हाला त्यांच्याच सुरात सांगायच्या, "दिसनाऱ्यांनी शिकून काय उजेड पाडला, ते सांगा आधी."

शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा बाई चाळिशी ओलांडलेल्या. आंधळ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारी विकतची यंत्रणा शाळेला परवडणारी नव्हती. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मास्तरांनी लिनक्स नावाची फुकटची यंत्रणा बसवून दिली, त्यात तो वाचणारा आवाजही फुकट होता. आवाज कसला, नुसता घोगरा पत्रा. मराठी वाचायचा ते परदेशी माणसानं पहिल्यांदा 'ळ' म्हणावा तसं. आम्हाला हसू यायचं. बाई मात्र पहिल्या दिवशी त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत. परक्या मुलखातून आलेला म्हणून त्या आवाजाला त्यांनी नाव दिलं, पावणं. मग सगळी शाळाच तसं म्हणायला लागली. "बाई, पावणं काय म्हणतंय आज?"

सात-आठ वर्षांत बाई त्या मशीनच्या मालकीण झाल्या. उंदीर, म्हणजे माउस, त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. त्यांचं सगळं काम कीबोर्डवर. मशीन इतकं जुनं की सुरू होईपर्यंत त्यांचं त्रिशरण-पंचशील म्हणून व्हायचं. सुरुवातीचा पर्यायांचा मेनू आला की 'टुक' असा आवाज येईल, अशीही सोय त्यांनी स्वतः करून घेतलेली. शाळेची ब्रेल पुस्तकं बाहेरून यायला उशीर व्हायचा, अभ्यासक्रम बदलला की आणखी उशीर. म्हणून बाईच धडे कॉम्प्युटरवर टाइप करायच्या आणि ब्रेलच्या प्रिंटरवर छापायच्या. मराठी अक्षराचं ब्रेलमध्ये रूपांतर करणारा एक तक्ता लिनक्समध्ये असतो. त्यात मराठीच्या पुष्कळ चुका होत्या. 'तऱ्हा' आणि 'सुऱ्या' यातला अर्धा र त्याला कळायचा नाही, 'बॅट' आणि 'डॉक्टर' तो भलतीकडंच न्यायचा, भूमितीच्या खुणांचा तर पत्ताच नाही. बाईंनी तो तक्ता एकेक ओळ करून दुरुस्त केला होता. सहा-सात वर्षं चाललेलं काम. आपल्या राज्यात इतकं शुद्ध ब्रेल कुठं छापत नसतील, असं त्या म्हणायच्या, आणि त्यांना फुशारकीची सवय नव्हती.

त्यांचा एकच दोष सगळ्यांना माहीत होता. साखरेचा आजार असून चहात दोन चमचे साखर. मी काही बोललो की म्हणायच्या, "मोरे, तुम्ही क्लार्क हाय न्हवं? मग क्लार्कच ऱ्हावा. डॉक्टर होऊ नका."

दोन वर्षं बाई एक तक्रार करत होत्या. प्रिंटर म्हातारा झालाय, टिंबं पुसट उठतात. मुली काही बोलायच्या नाहीत. बाईंपुढं कोण बोलणार? हेडसरांनी खटपट करून एका देणगीदाराकडून नवा प्रिंटर मिळवला. तो आला फेब्रुवारीत, दहावीच्या परीक्षेला महिना राहिलेला असताना. आणि जोडला तर चालेना. जुन्या लिनक्सला नवा प्रिंटर ओळखताच येत नव्हता. सगळी यंत्रणा नव्या आवृत्तीवर न्यावी लागणार होती.

बाई म्हणाल्या, "परीक्षा झाल्यावर करू."

हेडसर म्हणाले, "अहो बाई, देणगीदार रविवारी येणार आहेत. हार घालायचा आणि प्रिंटर बंद? शिवाय टिंबं पुसट येतात म्हणून तुम्हीच मागं लागला होता."

सोमवारी अकरा वाजता त्यांनी अपग्रेड सुरू केलं. पावणं एकेक ओळ वाचत होतं, बाई मान डोलावत होत्या. बारा वाजता त्यांचा दहावीचा तास. त्यांनी मला बोलावलं. "मोरे, हितं बसा. त्यानं मधेच काय प्रश्न विचारला तर मला वर्गात सांगाय या. पण हात लावू नका. काय बी झालं तरी हात लावू नका."

मी बसलो. वीसेक मिनिटं सगळं ठीक होतं. मग आवाज एका शब्दाच्या मधेच तुटला आणि स्क्रीन काळी झाली. मी दोन मिनिटं थांबलो, पाच मिनिटं थांबलो. कीबोर्डवरची एक-दोन बटणं दाबून बघितली. काही नाही. मशीन अडकलं असं मला वाटलं. ऑफिसातला आमचा कॉम्प्युटर असा अडकायचा, तेव्हा मी जे करायचो तेच केलं. मोठं बटण पाच सेकंद दाबून धरलं. मशीन बंद झालं. पुन्हा चालू केलं. 'टुक' वाजलं, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावल्या आणि थांबल्या. पावणं बोललंच नाही.

मी बाईंच्या वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, लाईट गेलती."

बाईंनी मुलींना एक उतारा लावून दिला आणि माझ्या पुढं चालत आल्या. खुर्चीत बसल्या, हात कीबोर्डवर ठेवले. "काय लिहिलंय, वाचा."

"इंग्लिशमध्ये आहे बाई. काहीतरी बिघाड झालाय असं दिसतंय."

"मोरे, अर्थ सांगू नका. अक्षरं सांगा. बोट ठेवा काचेवर आणि एकेक अक्षर सांगा."

मी बोट ठेवलं. के, ई, आर, एन, ई, एल. जागा. पी, ए, एन, आय, सी. शेवटचा शब्द मला येत होता. "पॅनिक. म्हणजे घाबरलंय बाई."

"ते घाबरू दे. आपुन घाबरायचं न्हाय," बाई म्हणाल्या. पण त्यांचे हात तीच दोन बटणं पुन्हा पुन्हा दाबत होते, आणि ते मला विचित्र वाटलं. मशीन बिघडलं म्हणून इतकं काय? बाईंना ब्रेल येत होतं, कपाटं भरून पुस्तकं होती, मशीन यायच्या आधी वीस वर्षं त्यांनी शिकवलेलं होतं. एखाद्याच्या घरातला माणूस गाडीखाली यावा तशा त्या बसल्या होत्या.

त्यांनी मेनूतून जुन्या आवृत्तीचा पर्याय घ्यायला लावला. 'टुक' वाजलं की खालचा बाण, एंटर, पुन्हा खाली, खाली, एंटर. मशीन थोडं पुढं गेलं आणि तिथंही अडकलं. कुठलीही आज्ञा दिली तरी एकच उत्तर. मी तेच वाक्य अक्षर-अक्षर करून नऊ-दहा वेळा वाचलं असेल. शेवटी बाई म्हणाल्या, "ज्या फायलीवर सगळे प्रोग्राम उभे ऱ्हात्यात, तीच अर्धी जुनी, अर्धी नवी झालीया. अर्ध्यात उठवलं त्याला."

मी काचेवरचं बोट काढून घेतलं.

"माझ्या वर्गातला पंखा चालू हुता, मोरे. मी शिकवत हुतो तवर एकदा बी थांबला न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज न करता पुसायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "ते नंतर. आधी वाचा."

त्या दिवशी काही झालं नाही. मंगळवारी बाई घरून एक पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यावर एक सबंध लिनक्स होतं. मशीनमधल्या डिस्कला न विचारता त्यावरून मशीन चालू करता यायचं. आशा अशी की त्यातलं पावणं तरी बोलेल. मशीन चालू झालं, आणि आवाज नाही तो नाहीच. बाईंनी दोनदा, तीनदा करून बघितलं. मग कपाळ कीबोर्डच्या कडेला टेकवलं. "ठीक हाय," त्या म्हणाल्या. "आज पावणं तुम्ही."

पहिलं काम पुस्तकं वाचवायचं. दिवाळीनंतर टाइप केलेलं सगळं फक्त त्या डिस्कवर होतं. दहावीची भूमिती, मराठीचे सराव पेपर, सगळं. तेवढाच पुस्तकांचा फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवायचा. दोन्ही डिस्कची नावं तीन अक्षरांची, आणि फरक शेवटच्या एका अक्षराचा. एकीचा ए, दुसरीचा बी. उलटी दिशा झाली असती तर रिकामा फोल्डर भरलेल्यावर चढला असता आणि पुस्तकं पुसली गेली असती.

"एकीत किती जागा लिहिलीया? आकडे सांगा."

मी सांगितले.

"परत सांगा."

सांगितले.

"आता डोळं मिटून उघडा आणि तिसऱ्यांदा सांगा. कालच्यागत करू नका."

मी घामानं भिजलो होतो. चपला काढून ठेवल्या होत्या, का ते माहीत नाही, देवळात शिरल्यासारख्या. तिसऱ्यांदा सांगितल्यावर बाईंनी आज्ञा टाइप केली. मी ती अक्षर-अक्षर परत वाचून दाखवली, आणि त्यांनी एंटर दाबलं. पाऊण तास काही नाही. मग एक ओळ खाली आली आणि चमकणारी छोटी रेघ पुन्हा तयार.

"काय लिहिलंय?"

"काहीच नाही बाई. रिकामं आहे."

"म्हंजे झालं," बाई म्हणाल्या आणि मोठा श्वास सोडला. "हे चुकलं तरच बोलतंय. नीट झालं की गप ऱ्हातंय. आमच्या बाबागत."

बुधवारी त्यांनी ती मोडलेली फाइल बाहेरून दुरुस्त केली, मग आतल्या यंत्रणेत शिरल्या आणि अर्धवट राहिलेलं अपग्रेड पुरं करायला लावलं. ते दुपारभर चाललं. शेकडो ओळी. माझा घसा बसला, तरी बाईंनी एकही ओळ सोडू दिली नाही. चार वाजता पेनड्राइव्ह काढून मशीन चालू केलं. 'टुक.' बाईंचं त्रिशरण ओठांतल्या ओठांत सुरू झालं. ते संपलं, पंचशीलही संपलं. आणि पत्र्यावर पत्रा घासावा तसा आवाज आला. पावणं बोललं.

बाहेर व्हरांड्यात मुली उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी दोन्ही तळवे स्पीकरला लावले आणि तशाच बसून राहिल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, आपण सुटलो.

गुरुवारी नवा प्रिंटर चालला. ठसठशीत टिंबं, कागदही जाड. बाईंनी भूमितीचं एक प्रकरण छापलं आणि दहावीतली आरती नावाची मुलगी होती, तिच्या हातात पान दिलं. आरती भरभर वाचू लागली आणि तिसऱ्या ओळीत थांबली. मागं गेली, पुन्हा तिथंच थांबली. मग हसली.

"बाई, ही फसवायची ओळ हाय न्हवं?"

"कुठली?"

"हीच की. 'दुसऱ्या बाजूची लांबी' पायजे. पण हितं 'दुस'च्या पुढं काय तर येगळंच छापलंय."

बाईंनी हात पुढं केला. "आण हिकडं." पानावर बोट फिरवलं. क्षणभर, दोन क्षण. "व्हय," त्या म्हणाल्या, "फसवायचीच हाय. बस खाली." आणि पान घेऊन त्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेल्या. कागदांचा गठ्ठा घेऊन मी वर्गातच उभा होतो, तिथं दार लागल्याचा आवाज आला.

तास संपला तरी बाई बाहेर आल्या नाहीत. जेवणाची सुट्टी झाली. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो आणि सवयीनं, न विचारता दार ढकललं.

बाई टेबलावर वाकल्या होत्या. त्यांचं तोंड पानावर टेकलेलं. मला आधी वाटलं, चक्कर आली. मग दिसलं की त्यांची मान डावीकडून उजवीकडं हळूहळू सरकतेय, ओळ संपली की परत डावीकडं. त्या ओठांनी वाचत होत्या.

कपबशी वाजली. बाई ताठ झाल्या. "दार लावा," त्या म्हणाल्या. "आतनं."

मी लावलं.

"बोटं मेली हायत, मोरे. साखरेनं. दोन वर्षं झाली. आधी उजवं गेलं, मग डावं. टिंबं हायत का न्हाईत तेवढं कळतंय, अक्षर लागत न्हाय." त्यांनी ओठ पदरानं पुसले. "प्रिंटर चांगला हुता. जुना. त्याची टिंबं पुसट न्हवती. पोरी बोलत न्हवत्या ते माझ्या भ्यानं न्हवं. त्यांना नीट लागत हुतं. मलाच... मीच म्हनत बसलो, प्रिंटर म्हातारा झालाय."

चहा मी टेबलावर ठेवला. त्यात मी आज साखर घातली नव्हती, आणि त्याची मला अशी लाज वाटली की कप परत उचलावासा वाटला.

सोमवारी त्यांचे हात तीच बटणं का दाबत होते ते मला तेव्हा कळलं. शाळेला ते एक मशीन होतं. बाईंना वाचायला तेवढंच उरलं होतं.

"आणि पान?" मी विचारलं.

"तक्ता गेला." बाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "माझा तक्ता मी यंत्रणेच्या पोटातल्या मूळ फायलीतच सुधारून ठेवलो हुतो. नवी आवृत्ती आली, तिनं आपली फाइल तिथं घातली. पुस्तकं वाचवली, तक्ता वाचवाय पायजे हे ध्यानातच आलं न्हाय. तुम्ही बटन दाबलं नसतं तरी हे झालंच असतं. ही चूक माझी. तुमची न्हवं. हे नीट ऐकून ठेवा, मागनं जिवाला लावून घेऊ नका."

छापून झालं की ब्रेलची फाइल जागा वाचवायला त्या पुसून टाकायच्या. म्हणजे सहा-सात वर्षांची ती दुरुस्ती आता एकाच ठिकाणी उरली होती. कपाटातल्या छापील पुस्तकांत, टिंबांच्या रूपात. आणि ती वाचणारी बोटं मेलेली.

मी म्हटलं, "बाई, आरतीला वाचू दे. मुली वाचतील, मी लिहून घेतो."

"महिनाभरावर दहावी आलीया त्यांची," बाई म्हणाल्या. "आणि त्यांना काय सांगू? बाईंना आता वाचता येत न्हाय?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "ज्या पोरींची बोटं धरून मी टिंबावर ठेवली, त्यांना हे सांगू व्हय मोरे?"

मग ते आम्ही दोघांनी केलं. अकरा दिवस, दुपारी शाळा सुटल्यावर, दार आतून लावून. माझ्या हातात छापील मराठी पुस्तक, बाईंपुढं त्याच धड्याचं ब्रेल. मी शोधून सांगायचो, "चौथी ओळ, तिसरा शब्द, तऱ्हा." बाई पानावर वाकायच्या, ओठांनी तो शब्द शोधायच्या आणि टिंबांचे आकडे सांगायच्या, म्हणजे एका अक्षराच्या सहा जागांपैकी कितव्या जागेवर टिंब आहे ते. मी लिहून घ्यायचो. मग त्या तक्त्यात ओळ घालायच्या आणि पावणं ती वाचून दाखवायचं. तास-दीड तासात चार-पाच नियम हाती लागायचे. ब्रेलचा कागद जाड, त्याच्या टिंबांना धार असते. तिसऱ्या दिवशी त्यांचा खालचा ओठ फुटला. त्यांनी तूप लावलं आणि पुढं वाचलं. पाचव्या दिवशी एका पानावर रक्ताचा बारीक ठिपका मला दिसला. मी सांगितलं नाही. पान उलटल्यावर बाईच म्हणाल्या, "ओलं लागलं. टिंब न्हवं न्हवं ते?"

"नाही बाई."

"मग पुढचं सांगा."

कधी कधी त्या मधेच थांबायच्या. एकदा म्हणाल्या, "हे मी का असं केलो हुतो, आठवत न्हाय. पन बरोबर केलोय. बघा की, किती बरोबर केलोय." स्वतःचंच जुनं काम त्या एखाद्या हुशार परक्या बाईचं असल्यासारखं वाचत होत्या.

मधल्या रविवारी देणगीदार आले. नव्या प्रिंटरला झेंडूचा हार घातला, कार्यक्रमापुरतं एक साधं पान छापून दाखवलं. हेडसरांनी भाषणात यंत्रणेचं कौतुक केलं. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, तोंडावर पदर धरून. दात दुखतोय, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

अकराव्या दिवशी आम्ही थांबलो. सगळं मिळालं नव्हतं. भूमितीच्या काही खुणा ज्या पुस्तकात होत्या ते पुस्तक एक मुलगी शाळा सोडून जाताना घेऊन गेली होती. त्या बाईंनी नव्यानं ठरवल्या. बाकीचं परत आलं. प्रकरण पुन्हा छापलं. आरतीनं ते वाचलं, कुठंही न थांबता, बोट इतक्या वेगानं पळत होतं की मला भीती वाटली, ही अंदाजानं तर वाचत नाही? बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटची ओळ झाली तेव्हा त्या ऑफिसात आल्या आणि माझ्या टेबलापाशी बसल्या.

"स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहा माझा," त्या म्हणाल्या. "कारण घरगुती."

मी खूप बोललो. पावणं आहे, मुलींना तोंडी शिकवता येतं, हेडसर समजून घेतील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मोरे, मी पोरींना वाचाय शिकवतो. मला वाचता येत न्हाय. यात समजून घेन्यासारखं काय हाय?"

मी अर्ज लिहिला, त्यांचा अंगठा... नाही, अंगठा त्यांनी कधीच दिला नाही. वळणदार सही करायच्या, वडिलांनी हात धरून शिकवलेली. मी पेन टेकवायची जागा दाखवली आणि त्यांनी सही केली.

परीक्षा पार पडली, मुली पास झाल्या. आरती पुढं कॉलेजात गेली. त्या अकरा दिवसांबद्दल मी शाळेत कुणालाही सांगितलं नाही. बाई जून उजाडायच्या आत शाळा सोडून गेल्या. जाताना तो तक्ता त्यांनी चार ठिकाणी उतरवून ठेवला, आणि त्यातलं एक ठिकाण म्हणजे माझं कपाट.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दोन वर्षांनी, मिरजेला लग्नाला निघालो होतो. पॅसेंजर हातकणंगल्याला थांबली. फलाटावर, सिमेंटच्या बाकड्यावर बाई बसलेल्या. बाजूला त्यांची भावजय असावी. बाई वाळल्या होत्या. उजव्या हाताला पांढरी पट्टी होती, आणि डाव्या हातानं त्या पेरूची फोड खात भावजयीला मोठ्यांदा काहीतरी बजावत होत्या. आवाज तोच, सबंध फलाटाला ऐकू जाणारा.

मी खिडकीच्या गजांना तोंड लावून ओरडलो, "बाई! ओ बनगेबाई!"

त्यांचं बोलणं थांबलं. मान वर झाली. "कोन त्ये?" त्या उठून उभ्या राहिल्या. "कोन बोलवतंय? नाव सांगा की!"

मी नाव सांगितलं, पण त्याच वेळी इंजिननं भोंगा दिला आणि गाडी हलली. मी पुन्हा ओरडलो. बाईंनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांचा चेहरा खुलला मात्र, आणि त्यांनी पट्टीचा हात उंच करून जोरजोरात हलवला. माझ्याकडं नाही, माझ्या मागच्या डब्याकडं. मी खिडकीतून वाकून मागं पाहिलं. त्या डब्यातून एक अनोळखी म्हातारी बाहेर हात काढून, हसून, बाईंना हात करत होती.